तळीची भिंत आणि बेडकांचे पाय: सत्तरीतल्या एका गावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाव सत्तरी तालुक्यातले आहे. नाव मुद्दाम दिलेले नाही. पहिल्या पावसात इथे बुलफ्रॉग मोठ्या संख्येने जमतात आणि ‘जंपिंग चिकन’ म्हणून त्यांच्या तंगड्या खाण्याची हौस गोव्यातून अजून गेलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, बेडकांच्या पायांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली, तरी जूनच्या रात्री बॅटऱ्या घेऊन बेबे, म्हणजे बेडूक, पकडायला निघणारी माणसे दिसतातच. त्यामुळे कुठे जमतात हे छापायचे नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले.

गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार. सड्याच्या पायथ्याशी देऊळ आणि देवळाची तळी. तळीखाली कुळागर (पोफळींची बाग), कुळागरातून वाहणारा व्हाळ (ओढा), त्याच्या पलीकडे भातशेती. सड्याच्या एका कडेला बंद पडलेली चिरेखाण आहे, ती पावसाळ्यात भरते. म्हणजे उघडा खडक, माती, साचलेले पाणी, वाहते पाणी आणि पोफळींची सावली, सगळे चालत फिरता येईल एवढ्या टापूत. बेडकांचा अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. पदव्युत्तर वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना ‘बेडकाच्या शरीराचे आकारमान व घडण आणि त्याची राहण्याची जागा यांचा संबंध’ असा विषय दिला होता आणि त्यासाठी हे गाव निवडले होते. त्याच उन्हाळ्यात देवस्थानच्या महाजनांनी तळीची दुरुस्ती काढली. जुनी तळी चिऱ्यांची, सांध्यांत नेचे उगवलेले, एक कोपरा ढासळलेला. दुरुस्तीत कोपरा सरळ बांधला गेला, चारही भिंतींना आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा झाला आणि पायऱ्या एकाच बाजूला राहिल्या, त्याही पूर्वीपेक्षा उंच. काम मे महिन्याच्या शेवटी संपले.

समस्या

पावसाने जोर धरला आणि पहिल्या काही रात्रींतच तळीत बेडकांचा जल्लोष सुरू झाला. मग पावसाने उघडीप दिली, पाणी थोडे खाली गेले, आणि सकाळी देवळात येणाऱ्यांना भिंतीच्या कडेने मेलेले, फुगलेले बेडूक तरंगताना दिसू लागले. जिवंत होते तेही भिंतीला नाक लावून, दमलेले.

महाजनांची चिंता साधी आणि खरी होती. चवथीला सगळ्या गावाचे गणपती याच तळीत विसर्जित होतात. त्यांच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, “सर, असल्या पाण्यात मूर्ती कशी सोडायची? चवथीच्या आधी काहीतरी सांगा.” गावातल्या बऱ्याच जणांचा संशय सिमेंटवर होता. नवे सिमेंट पाण्यात चुना सोडते आणि पाणी अल्कधर्मी करते, म्हणून बेडूक मरतात, असे त्यांचे म्हणणे.

संशय निराधार नव्हता. ताज्या सिमेंटने पाण्याचा पीएच वाढतो आणि त्याचा बेडूकमाशांना त्रास होतो. त्यामुळे आधी पीएच पट्टीने तळीचे, चिरेखाणीचे आणि शेतातल्या पाण्याचे नमुने तपासले. पहिल्या मुसळधार पावसात तळी भरून ओसंडली होती आणि पट्टीवर तिचे पाणी इतर ठिकाणांपेक्षा वेगळे दिसले नाही. त्याहून बोलका पुरावा दुसरा होता. तळीवर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी होती आणि त्यांतून पाण्यात पडलेले बेडूकमासे ठणठणीत होते. पाणी विषारी असते तर ते आधी गेले असते, कारण त्यांची त्वचा आणि कल्ले दोन्ही नाजूक. मरत होते ते मोठे बेडूक, आणि तेही काही ठरावीक जातींचेच.

प्रश्न तिथे पालटला. कोण मरते आहे आणि कोण सुटते आहे?

पहिला अंदाज आणि तो का टिकला नाही

पहिला अंदाज वजनाचा होता. मोठा बेडूक जड, त्याला उभी भिंत चढता येणार नाही. लहान हलका, तो निघून जाईल. त्याला गणिताचा आधारही आहे. शरीराची लांबी दुप्पट झाली तर बोटांच्या चकत्यांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. पकड क्षेत्रफळावर अवलंबून आणि ओढ वजनावर, म्हणून वाढत्या आकारमानाबरोबर भिंत अवघड होत जायला हवी.

रात्री तळीवर बसून पाहिले तेव्हा मामला वेगळा निघाला. उडता बेडूक, ज्याची मादी 10 सेंटिमीटरच्या आसपास भरते, सरळ भिंत चढून कठड्यावर येत होता. पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस हा आपल्याकडे घराच्या न्हाणीघरातही सापडणारा वृक्षबेडूक, तोही चांगला 7-8 सेंटिमीटरचा, तोही चढत होता. आणि मिनर्वार्या वंशातले 3 सेंटिमीटरचे चिमुकले शेतबेडूक भिंतीच्या तळाशी अडकून पडले होते. त्यांच्याच शेजारी बुलफ्रॉग, 15 सेंटिमीटरच्या पुढचा, तोही अडकलेला. दोन टोकांच्या आकारमानाचे प्राणी एकाच संकटात होते आणि मधल्या आकारमानाचे सुटत होते.

ज्यांनी जमिनीत बादल्या पुरून बेडूक पकडण्याचे सापळे लावले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. असल्या सापळ्यात झाडावरचे बेडूक टिकत नाहीत, भिंत चढून निघून जातात, आणि यादीत जमिनीवरच्यांचीच गर्दी दिसते. गिलावा केलेली तळी म्हणजे नकळत पुरलेली अशी मोठी बादलीच झाली होती.

निर्णय पहिला: काय मोजायचे

इथपर्यंत विद्यार्थ्यांचा प्रकल्प आणि गावाचा प्रश्न वेगवेगळे चालले होते. ते एकत्र आणायचे ठरले आणि मापांची यादी त्या दृष्टीने नव्याने बनवली.

लांबी, म्हणजे नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची, ती होतीच. तिच्या जोडीला डोक्याची रुंदी, मांडी, नडगी, बोटांच्या टोकांच्या चकत्यांची रुंदी, पायाच्या बोटांमधले पडदे कुठवर येतात, आणि मागच्या पावलाच्या आतल्या कडेला असलेल्या टणक उंचवट्याची लांबी. हा उंचवटा खणणाऱ्या बेडकांचे अवजार आहे. स्फिरोथिका वंशातला बेडूक तो मातीत रोवून, मागे सरकत सरकत, पाहता पाहता दिसेनासा होतो.

याशिवाय एक जुनी कसोटी घेतली, जी वर्गीकरणाचे लोक फार पूर्वीपासून वापरतात. मागचा पाय अंगालगत पुढे ताणायचा आणि घोटा कुठे पोहोचतो ते पाहायचे. खणणाऱ्यांचा जेमतेम खांद्यापर्यंत. इंडिराना वंशातल्या उड्या मारणाऱ्यांचा नाकाच्या आसपास. याच वंशातला इंडिराना सालेलकरी 2015 मध्ये गोव्यातल्याच नेत्रावळीहून जगासमोर आला, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी अभिमान वाटतो. घोट्याच्या कसोटीला कॅलिपरही लागत नाही आणि आंधळ्या आकड्याऐवजी प्राण्याचा अख्खा पाय डोळ्यांसमोर राहतो, म्हणून मी तिचा आग्रह धरला.

नमुने मारून जतन करायचे की जिवंत मोजून सोडायचे, यावर वाद झाला. मेलेल्या, ताठरलेल्या प्राण्याची मापे अधिक नेमकी येतात हे खरे. पण ज्या तळीत बेडूक मरतात म्हणून गाव अस्वस्थ आहे, तिथेच आपण आणखी मारायचे, हे कोणाच्या मनाला पटेना. शिवाय प्रश्नाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची गरज नव्हती. वन खात्याची परवानगी घेतली, ओल्या हातांनी धरायचे, व्हर्नियर कॅलिपरने मोजायचे आणि तिथेच सोडायचे, असे ठरले. हाताला डास पळवायचे मलम लावलेल्या विद्यार्थ्याने त्या रात्री फक्त नोंदी लिहायच्या, कारण बेडकाची त्वचा ते शोषून घेते. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट धुऊन निर्जंतुक करणे सक्तीचे होते, बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीच्या भीतीने. तळीत मेलेले आढळत होते त्यांची मापे मात्र वेगळ्या वहीत ठेवली.

निर्णय दुसरा: ‘राहतो कुठे’ म्हणजे काय

या सबंध प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा टप्पा, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

विद्यार्थ्यांनी पहिल्या तक्त्यात प्रत्येक बेडकापुढे तो जिथे सापडला ती जागा लिहिली. पावसाळ्याच्या सुरुवातीला सगळेच पाण्याशी येतात, म्हणून तक्त्यात बहुतेकांपुढे ‘पाणी’ किंवा ‘पाण्याची कड’ असेच आले. त्या तक्त्यावरून आकृत्या काढल्या तर शरीर आणि जागा यांचा काहीच संबंध दिसेना. आखूड पायांचा गोल स्फिरोथिका पाण्यात, आणि पूर्ण पडद्यांच्या पायांचा, डोळे माथ्यावर आलेला युफ्लिक्टिसही पाण्यातच. आकडे खरे असूनही उत्तर निरुपयोगी.

बेडूक पाण्यात दिसला तो विणीसाठी. स्फिरोथिका आणि उपेरोडॉन वंशातला फुगरा खणणारा बेडूक वर्षातल्या मोजक्या रात्री तळीवर येतात. बाकीचा काळ ते सड्याच्या पायथ्याच्या मातीत असतात आणि कोणाच्या नजरेस पडत नाहीत. उडता बेडूक खाली उतरतो तोही विणीपुरता. म्हणून जागेची नोंद तीन रकान्यांत विभागली: वीण कुठे, दिवसाचा आसरा कुठे, आणि वीण सरल्यावर मुक्काम कुठे. दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये कुळागरातले पालापाचोळ्याचे ढीग, पोफळींच्या पानांचे बेचके, चिऱ्यांच्या फटी, शेताचे बांध दिवसा तपासावे लागले. काम कंटाळवाणे होते, पण त्याशिवाय पुढचे काहीच उमगले नसते.

गावकऱ्यांकडून इथे फार मदत झाली. कुळागरात जन्म घालवलेल्या एका आजींनी सांगितले की, आळे करायला माती खणली की गोळ्यासारखा बेडूक निघतो, तो सड्याकडच्या अंगालाच, व्हाळाकडे कधी नाही. आम्ही त्या बाजूला पाहिले तर तसेच होते.

मापे काय सांगू लागली

जागेचे रकाने बदलल्यावर घडणीचा नमुना उघडा पडला. धडाची लांबी अजूनही फार काही सांगत नव्हती. सांगत होती ती लांबीच्या मानाने नडगी, चकत्या आणि उंचवटा.

मातीत राहणारे आखूड पायांचे, रुंद डोक्याचे, गोलसर. गोल शरीराला घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून ओल कमी उडते आणि उन्हाळा जमिनीखाली निभावतो. पाण्यात राहणाऱ्याच्या पावलाचे पडदे बोटांच्या टोकांपर्यंत. पालापाचोळ्यातल्यांच्या नडग्या लांब. झाडावरच्यांची कंबर बारीक, हातपाय लांबसडक, बोटांना रुंद चकत्या. त्या चकत्यांच्या तळाशी षटकोनी पेशी असतात आणि त्यांच्या फटींतून ओलसर द्रव वाहतो, त्या पातळ थराने पकड बसते. कोरड्या धुळीने भरलेल्या भिंतीवर किंवा पाण्याची धार वाहत असताना ती पकड सैल होते, हेही तळीवर दिसले. मुसळधार पावसात भिंतीवरून पाणी उतरू लागले की पॉलिपेडेट्सही घसरत.

गुणोत्तरे वापरायची की रेषा, हा मुद्दा निघाला. नडगी भागिले लांबी हे सोपे, पण बेडूक वाढताना दोन्ही एका गतीने वाढत नाहीत, म्हणून पिल्ले आणि प्रौढ एकत्र घेतली की गुणोत्तर फसवते. नर-माद्यांचेही तसेच, बहुतेक जातींत मादी मोठी. त्याऐवजी लांबीच्या मानाने नडगी किती असायला हवी याची रेषा काढली आणि कोण रेषेच्या वर, कोण खाली ते पाहिले. पिल्ले बाजूला ठेवली.

दुसरी शंका नात्याची. झाडावरच्यांना चकत्या असतात हे सांगायला उडता बेडूक, पॉलिपेडेट्स आणि राओर्केस्टिस (छोटा झुडूपबेडूक) हे तीन दाखले मोजले, तर ते तिघे एकाच कुळातले आहेत. चकती त्यांना पूर्वजाकडून मिळालेली असू शकते, आणि मग दाखले तीन नसून एकच. जीवशास्त्रज्ञ जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी 1985 मध्ये ही अडचण मांडली, तेव्हापासून नात्याचा हिशेब घेतल्याशिवाय जाती-जातींची तुलना कोणी गंभीरपणे घेत नाही. आमच्या जाती थोड्या होत्या, पूर्ण सांख्यिकी हिशेबाला त्या पुरत नव्हत्या. पण दोन गोष्टी भक्कम होत्या. स्फिरोथिका आणि उपेरोडॉन वेगळ्या कुळांतले, तरी दोघांना तेच आखूड पाय आणि तोच खणायचा उंचवटा. आणि स्फिरोथिका, बुलफ्रॉग, युफ्लिक्टिस, मिनर्वार्या हे एकाच कुळातले, तरी घडण वेगवेगळी. पहिल्यात नाते दूरचे आणि शरीर सारखे, दुसऱ्यात नाते जवळचे आणि शरीर वेगळे. जागेचा हात त्यात दिसतो.

लांबी अगदीच गैरलागू आहे असे मात्र नाही. चकत्या नसलेल्या जातींचीही नुकती शेपूट झडलेली, बोटाच्या पेराएवढी पिल्ले ओल्या भिंतीला पोट चिकटवून वर सरकताना दिसली. एवढ्या लहान जिवाला ओल्या पोटाची चिकटही पुरते. वाढला की तोच बेडूक त्याच भिंतीपुढे हरतो. म्हणजे आकारमान एका जातीच्या आयुष्यात महत्त्वाचे, जाती-जातींत तुलना करताना घडण महत्त्वाची. गावासाठी याचा अर्थ असा की पिल्ले निघून जाताना पाहून ‘आता सगळे ठीक आहे’ असे म्हणता येत नव्हते.

पर्याय

मेलेल्यांच्या वहीत आणि जिवंतांच्या वहीत आता एकच गोष्ट दिसत होती. चकत्या नसलेले अडकत होते, पण सगळे एकाच कारणाने नाही.

बुलफ्रॉगचे पाय दणकट, उडी मोठी, पण उडीला टेकू लागतो. खोल पाण्यात, पायाखाली काही नसताना, त्याला रेटा देता येत नाही. तळी तुडुंब असताना तो कठड्यावर येई, पाणी हातभर खाली गेले की अडके. भेक (खरखरीत कातडीचे टोड) आणि स्फिरोथिका यांना उडीच आखूड, त्यांना चढायला उतार हवा. मिनर्वार्याला थोडा खडबडीतपणा मिळाला तरी पुरे.

बैठकीत जे पर्याय आले ते असे. गिलावा काढून चिरे पुन्हा उघडे करणे, हा माझ्या मते सर्वांत चांगला, कारण जुन्या तळीत फटी हाच जिना होता आणि आसराही. पण खर्च नुकताच झालेला, महाजन तयार होणे शक्य नव्हते आणि त्यांचे चुकीचेही नव्हते. रोज सकाळी बेडूक काढून सोडणे, हा तरुण मंडळाचा प्रस्ताव, काही दिवस चालला आणि ओसरला. तरंगती फळी टाकणे सोपे, पण फळीवर बसलेला बेडूक भिंतीपलीकडे जात नाही. भिंतीवर नायलॉनची जाळी सोडणे स्वस्त. आणि चिऱ्यांचा पक्का उतार बांधणे, ज्याला पाणी उतरेपर्यंत थांबावे लागणार.

विसर्जनाचा विचार प्रत्येक पर्यायात होता. पायऱ्यांच्या बाजूला काहीही नको, मूर्ती घेऊन उतरणाऱ्याचा पाय अडकता कामा नये. लहान मुले उतारावरून पाण्यात जातील ही भीती एका पंचाने बोलून दाखवली, तीही रास्त.

काय केले

त्या पावसाळ्यापुरते काथ्याच्या चटया भिंतीवरून पाण्यात सोडल्या. आधी एका कोपऱ्यात स्वस्त म्हणून नायलॉनची जाळी लावली गेली होती. तिच्यात एक दिवड अडकून मेली आणि जाळी त्याच दिवशी काढली. काथ्याच्या चटईला भोके नसतात, खडबडीत असते, ओल धरते आणि मिनर्वार्या पहिल्याच रात्री तिच्यावरून वर आले. चवथीपूर्वी तळी स्वच्छ झाली, विसर्जन नेहमीसारखे पार पडले.

पक्के काम पुढच्या उन्हाळ्यात झाले. दोन कोपऱ्यांत चिऱ्यांचे उतार, गिलावा न करता, दोन हात आडवे गेल्यावर एक हात वर चढेल एवढे मंद. प्रत्येक उताराच्या बाजूला पाण्याखाली रुंद ओटे, वेगवेगळ्या पातळ्यांवर, पाणी कितीही असले तरी बुलफ्रॉगला टेकू मिळेल असे. मुलांसाठी उताराच्या माथ्यावर आडवा दांडा, खालून बेडूक जाईल एवढी जागा सोडून.

उतार कुठे बांधायचे हा निर्णय सर्वांत नाजूक ठरला. कंत्राटदाराला सोयीचा कोपरा रस्त्याकडचा होता, सामान तिथेच उतरत होते. पण राहण्याच्या जागांचा तक्ता हाती होता. खणणारे सड्याच्या पायथ्याला परत जातात, शेतबेडूक आणि बुलफ्रॉग भातशेतीकडे. रस्त्याकडचा उतार म्हणजे बेडकांना तळीतून काढून गाड्यांखाली घालणे. तक्ता आणि गावाचा नकाशा शेजारी ठेवून दाखवल्यावर महाजनांनी सड्याकडचा आणि शेताकडचा असे दोन कोपरे मान्य केले. सामान वाहायचा जादा खर्च गावातल्या तरुणांनी अंगमेहनतीने भरून काढला.

सड्याकडच्या भिंतीच्या वरच्या थरात, पाणी पोचत नाही तिथे, काही सांध्यांमधला गिलावाही खरवडून काढला, दिवसाचा आसरा म्हणून.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या कडेला मेलेले बेडूक क्वचितच दिसले. रात्रीच्या पाहणीत स्फिरोथिका सड्याकडच्या उतारावरून चालत वर जाताना दिसले. बुलफ्रॉग ओट्यावर बसत आणि तिथून एका उडीत कठडा गाठत. खरवडलेल्या सांध्यांत सर्वांत आधी आले ते पॉलिपेडेट्स, ज्यांच्यासाठी ते काढले नव्हते.

सगळे सुरळीत झाले नाही. शेताकडच्या उतारावर श्रावणात शेवाळ इतके धरले की भेक घसरू लागले. त्यावर आडव्या खाचा पाडल्या, त्याने बराच फरक पडला. उतारावर दिवडही येऊन बसू लागली, कारण बेडकांची वाट तिलाही कळते. एका महाजनांना ते पसंत नव्हते, आमच्या विद्यार्थिनीने त्यांना शांतपणे समजावले की दिवड बिनविषारी आहे आणि तळीवर ती पूर्वीपासूनच होती.

राओर्केस्टिस, कुळागरात रात्रभर टिकटिक करणारा छोटा झुडूपबेडूक, या सगळ्या खटाटोपातून अलिप्त राहिला. त्याची अंडी ओलसर पानांवर किंवा मातीत असतात आणि त्यांतून थेट छोटे बेडूक बाहेर पडतात, पाण्यातला बेडूकमासा हा टप्पाच नाही. तळी त्याला लागत नाही. त्याच्यासाठी कुळागराची सावली आणि पालापाचोळा टिकला म्हणजे झाले, आणि तो प्रश्न तळीच्या बैठकीत कधी आलाच नाही.

पुन्हा करायचे झाले तर

दुरुस्तीपूर्वीची नोंद असायला हवी होती. जुन्या तळीत कोण येत होते, कोण कुठून बाहेर पडत होते, याचे आकडे नसल्याने ‘पूर्वीसारखे झाले’ असे म्हणता येत नाही, ‘गिलाव्यानंतरच्या पावसाळ्यापेक्षा बरे’ एवढेच म्हणता येते. कोणत्याही गावाने तळीला हात लावण्याआधी एक पावसाळा ती रात्री पाहावी, हा माझा आग्रह आहे.

शेजारच्या चिरेखाणीत आम्ही फक्त पाण्याचा नमुना घेतला. तिच्याही भिंती उभ्या आहेत, पण चिरे कापल्याच्या खाचा उघड्या. गुळगुळीत आणि खडबडीत उभ्या भिंतींची तुलना तिथे आयती मिळाली असती आणि उताराच्या आधीच कळले असते की खडबडीतपणा किती जातींना पुरतो, उतार किती जातींना लागतोच.

जागेचे तीन रकाने पहिल्या रात्रीपासून हवेत. वीण, आसरा, मुक्काम. ज्या प्रकल्पात एकच रकाना असेल त्याने बेडकाची घडण आणि जागा यांच्यावर निष्कर्ष काढू नये, निदान पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात तरी. जमले तर उन्हाळ्यातली पाहणीही जोडावी. ती आमच्याकडून झाली नाही, कारण विद्यार्थ्यांच्या परीक्षा त्याच काळात असतात. त्यामुळे बुलफ्रॉग इथे नेमका कुठल्या मातीत उन्हाळा काढतो हे आमच्या तक्त्यात रिकामेच आहे.

सांध्यांचे काम भिंत बांधतानाच झाले असते तर खर्च जवळजवळ शून्य होता. पाण्याच्या पातळीच्या वरचा चिऱ्यांचा थर गिलाव्याविना सोडायचा, एवढेच कंत्राटात लिहायचे. सत्तरीतल्याच दुसऱ्या एका देवस्थानाने आपल्या तळीच्या दुरुस्तीचा आराखडा आता आमच्याकडे पाठवला आहे. त्यात गिलावा चारही बाजूंनी आहे आणि पायऱ्या एकाच बाजूला. काम सुरू व्हायला अवकाश आहे, तेव्हा यंदाचा पावसाळा तिथे रात्रीच्या पाहणीला विद्यार्थी पाठवायचे ठरले आहे.